गच्चीवरचा पुदिना

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली, त्या दिवशी इमारतीतल्या माणसांनी तिचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि त्याच दमात टोमणाही मारून घेतला. "तुम्ही नव्हतात ना ताई, यंदा उन्हाळ्यात एसीने कमाल केली हो." एकाने लिफ्टमध्ये सांगितलं, दुसऱ्याने जिन्यात, आणि हिशेबखात्यातल्या एका बाईंनी बेसिनपाशी हात धुता धुता आरशातूनच सांगितलं. ती हसली. घरी इतके महिने बाळाच्या शी-शूखेरीज तिच्याशी कुणी दुसरा विषय काढला नव्हता. टोमणा तर टोमणा, निदान कामाचा होता.

साऱ्या इमारतीची हवा तिच्या हातात होती. तळघरातल्या यंत्रांपासून गच्चीवरच्या कूलिंग टॉवरपर्यंत जे जे घुमतं, वाहतं आणि गळतं, ते सगळं तिचं. माणसं तिला एसीताई म्हणत. तिच्याआधी हेच काम तिच्या वडिलांनी जन्मभर केलं होतं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी दारावरचा वॉचमन त्यांचा पास मागायची हिंमत करत नसे. शाळेला सुट्टी असली की ते तिला बरोबर आणायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ तिच्या कानाला लावून विचारायचे, "काय म्हणतेय?" ती म्हणायची, "कुरकुरतेय." मग ते बेअरिंग बदलायचे. डिप्लोमा तिने पुढे केला आणि नोकरीही स्वतःच्या जोरावर मिळवली, पण ऐकायला ती शिकली ती या गच्चीवर.

आता ते तिच्याच घरी राहत होते आणि नातीला सांभाळत होते. नवरा पहाटेच कामावर जाई, मग ती निघे, आणि मागे उरत आजोबा आणि ढबू. ढबू म्हणजे तिची लेक. दोन्ही गालांनी मिळून नाकाला जागाच ठेवली नव्हती, म्हणून ढबू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उस्ताद तिला बाबागाडीत घालून लिफ्टने थेट गच्चीवर आणत. तिथे टॉवरच्या कडेला, सावलीत, त्यांनीच कधीतरी एक लाकडी बाक मांडला होता. बाकाभोवती रिकाम्या डब्यांत पुदिना लावला होता. ती बाकाच्या टोकाला पाठमोरी बसून ढबूला पाजायची. दुसऱ्या टोकाला उस्ताद आणि त्यांचे जुने सोबती आपापले डबे उघडून बसलेले, त्यांचं कुणाची तरी टिंगल करणं चाललेलं. वरून बारीक, गार तुषार अंगावर यायचे. ढबूच्या नाकावर एखादा थेंब पडला की ती दूध सोडून वर बघायची, हसायची आणि पुन्हा चिकटायची. दिवसभराच्या धावपळीत एवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. त्या सुखात तिने पहिले काही दिवस डोळे मिटूनच घेतले, त्यामुळे जे तिला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं ते दिसलं नाही.

दिसलं ते ढबूमुळे. पाजून झालं होतं, ढेकर निघाली होती, आणि ढबूने हात लांब करून पुदिन्याची काडी मुठीत धरली. ती सोडवून घेताना तिचं लक्ष गेलं. पुदिना नुसता माजला होता. पानं तळहाताएवढी म्हणावीत अशी. गच्चीच्या पलीकडच्या कठड्याशीही तसलेच डबे होते, त्यातला पुदिना मात्र उन्हाने पार वाळून काड्या झालेला.

"बाबा, याला पाणी कोण घालतं?"

"कोण घालणार? मी तर नाही." उस्तादांनी डब्याचं झाकण लावलं. "आपोआप वाढतो तो. इथली हवाच तशी आहे."

"हवेवर पुदिना वाढत नाही."

"मग तुझ्या आवाजावर वाढत असेल. रोज ऐकतो ना तुझी अंगाईगीतं."

सोबती हसले. ती हसली नाही. तिने ढबूच्या नाकाकडे पाहिलं. तिथे थेंब होता. मग तिने वर पाहिलं, टॉवरच्या माथ्यावर गरगरणाऱ्या मोठ्या पंख्याकडे.

ओढणी ढबूच्या तोंडावरून घेत ती उठली. "बाबा, हिला घेऊन खाली जा. तुम्ही पण जा काका, सगळेच जा. डबे खाली खा."

"अगं पण झालं काय?"

"सांगते. आधी उठा."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की उस्तादही मुकाट्याने उठले.

टॉवर म्हणजे तसं बघितलं तर एक बंद पेटीतला पाऊस. इमारतीतल्या माणसांची, दिव्यांची, यंत्रांची सगळी उष्णता पाण्यात गोळा होऊन गच्चीवर येते. टॉवरमध्ये ते पाणी वरून शिंपडलं जातं, खालून वारा ओढला जातो, पाणी निवतं आणि परत खाली यंत्राकडे जातं. वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब बाहेर उडू नयेत म्हणून पंख्याखाली पन्हळीसारख्या वळणावळणाच्या जाळ्या बसवलेल्या असतात. वारा वळणं घेत निघून जातो, थेंबाला वळता येत नाही, तो जाळीला आपटून खाली पडतो. जाळ्या जागेवर असतील तर टॉवरजवळ उभ्या माणसाला झुळूक लागते, थेंब लागत नाही.

तिने मास्क चढवला, पंखा बंद केला, तो थांबेपर्यंत वाट पाहिली आणि टॉवरचं दार उघडलं. आत बॅटरी मारली. जाळ्या नव्हत्या. एकही नाही. पाण्याच्या कुंडीच्या कडांवर बुळबुळीत तपकिरी थर होता, बोट फिरवलं तर निघणारा.

जाळ्या सापडल्या टॉवरच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. क्षाराने पांढऱ्याफटक झालेल्या, पण नीट रचलेल्या आणि दोरीने बांधलेल्या. त्या दोरीची गाठ तिने ओळखली. दुहेरी वेढा, शेवट आत खोचलेला. तिच्या शाळेच्या दप्तराचा तुटलेला पट्टा वर्षभर याच गाठीवर टिकला होता.

तिच्या रजेत टॉवर सांभाळायला जो बदली माणूस आला होता त्याला सगळे होजी म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं तरी तो आधी 'हो जी' म्हणायचा आणि मग ऐकायचा. वयाने तिच्यापेक्षा थोराड, स्वभावाने लोण्यासारखा. तिने त्याला वर बोलावलं.

"जाळ्या कुणी काढल्या?"

"उस्तादांनी सांगितलं, ताई. उन्हाळ्यात खालून कटकट सुरू झाली, गार होत नाही, गार होत नाही. उस्ताद म्हणाले, जाळ्या चोंदल्यात, त्यांना काढून ठेव, टॉवरला जरा मोकळा श्वास घेऊ दे. दोघांनी मिळूनच काढल्या. आणि खरंच, गार झालं की."

"मग साफ करून परत का नाही बसवल्या?"

"बसवणारच होतो. पण तुषार यायला लागले ना, लोक खूश झाले. हिशेबखात्यातल्या बाई पण वर येऊन बसायला लागल्या. म्हणाल्या, राहू दे की."

"बरं. आणि औषधाचा पंप? पाण्यात क्लोरीन आहे असं वाटत नाही मला."

होजीने मान खाजवली. "ते काय झालं, बाकावर वास यायला लागला औषधाचा. डबा खाताना डोळे चुरचुरतात म्हणाले. तक्रारच आली."

"मग?"

"मग डोस कमी केला."

"किती?"

"वास येईना इतका."

त्याच्यावर रागवावं असं काही सापडेना. जाळ्या काढल्या म्हणून थेंब उडाले, थेंब उडाले म्हणून लोक बसायला आले, लोक आले म्हणून वास लागला, वास लागला म्हणून औषध बंद. प्रत्येकाने दुसऱ्याचं भलंच पाहिलं होतं. आणि त्या सगळ्या भलेपणातून कोमट, बुळबुळीत, बिनऔषधाच्या पाण्यात जे वाढतं त्याचं नाव लेजिओनेला. डोळ्याला दिसत नाही, वास नाही, चव नाही. थेंबात बसून श्वासातून फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. धडधाकट माणूस बहुतेक वेळा सुटतो. म्हातारा माणूस, त्यातून सिगारेट ओढणारा, सहज सुटत नाही. उस्तादांच्या सदऱ्याच्या खिशात पाकीट कायम असायचं.

"होजी, पाण्याचा नमुना घेऊ. मग पाण्याचा पंप बंद. टॉवर आजपासून बंद."

"हो जी," होजी म्हणाला आणि मग ऐकलं. "बंद? ताई, खाली भाजून निघतील लोक."

"निघू देत."

जेवणानंतरची दुपार अर्धीही सरली नसेल, तोच मॅनेजर जिने चढत वर आल्या. लिफ्टची वाट बघायला त्यांच्याकडे धीर नव्हता. "वरच्या मजल्यावर बाहेरची माणसं आलीत. घामाच्या धारा लागल्यात. कुणाला विचारून बंद केलंत?"

"कुणालाच नाही विचारलं. हे बंद करायचं की नाही ते ठरवायलाच मला नेमलंय." मग तिने त्यांना मास्क दिला, दाराशी नेलं आणि आतला थर दाखवला. जे होतं ते साध्या शब्दांत सांगितलं, न घाबरवता, न लपवता. मॅनेजरबाई ऐकून घेणाऱ्या होत्या, एवढं त्यांच्याबद्दल म्हटलंच पाहिजे. रुमालाने कपाळ टिपत त्यांनी विचारलं, "नमुन्याचा रिपोर्ट येईपर्यंत तरी चालू ठेवता येईल?"

"हे जंतू प्रयोगशाळेत हळू वाढतात, रिपोर्टला वेळ लागतो. माणसाच्या छातीत ते वाट बघत नाहीत. खिडक्या उघडा, पंखे मागवा. आणि लोकांना खरं काय ते सांगा. जो जो या बाकावर बसला, त्याला ताप-खोकला आला तर डॉक्टरकडे जाऊन आपण कुठे बसत होतो ते सांगायचं. नुसतं 'सर्दी झालीय' म्हणायचं नाही."

"घाबरतील हो."

"थोडे घाबरू देत. प्रश्न माझ्याकडे पाठवा."

त्याच संध्याकाळी तिने बाकावर बसणाऱ्या एकेकाला गाठून तेच सांगितलं. हिशेबखात्यातल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तो गारवा चांगला नव्हता?" ती म्हणाली, "गारवा चांगलाच होता हो. पाणी वाईट होतं." ढबूला तिने घरी जाताना वाटेत बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. छाती मोकळी होती. लक्ष ठेवा, म्हणाले. ती तसंही दुसऱ्या कशाकडे लक्ष देऊ शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी टॉवर रिकामा करून घासायचा होता. ती, होजी आणि सफाईची खास माणसं मास्क, चष्मे, रबरी बूट चढवून तयार झाली, तेवढ्यात ढबूला काखोटीला मारून, बाह्या दुमडून उस्ताद हजर.

"हिला कुणीतरी धरा. मी काढल्या, मीच बसवतो."

"तुम्ही आत जायचं नाही, बाबा."

"का? मला येत नाही?"

"येतं. पण घासताना आतलं सगळं हवेत उडतं. तुमचं वय, आणि ते खिशातलं पाकीट. तुमच्यासारख्या माणसाला आत सोडलं तर मला नोकरीवरून काढायला पाहिजे."

"मी हा टॉवर उघड्या तोंडाने धुतलाय. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून."

"माहितीय. नशीब चांगलं होतं."

उस्तादांनी ढबूला दुसऱ्या काखेत घेतलं. होजीने उगाच बुटाकडे पाहिलं. "म्हणजे आता तू मला टॉवर शिकवणार."

"हो," ती म्हणाली. शब्द कठीण होता, पण खोटा नव्हता, म्हणून तिने तो मऊ केला नाही. "जाळ्या चोंदल्या तर क्षार काढायचे, जाळ्या नाही काढायच्या. वास आला तर बाक हलवायचा, औषध नाही."

उस्तादांनी ढबूला सावरलं आणि लिफ्टकडे गेले. पाठमोरे ते तिला एकदम बुटके वाटले. तिला वाटलं धावत जावं. पण आत माणसं थांबली होती. तिने मास्कची पट्टी घट्ट केली आणि कुंडीत उतरली.

घासून, क्षार विरघळवून, जास्तीचं क्लोरीन फिरवून, धुऊन पुन्हा भरेपर्यंत आठवडा कसा गेला ते कळलं नाही. जाळ्या इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की तिने नव्याच मागवल्या. घरी उस्ताद रुसले होते. तो रुसवा तिच्या ओळखीचा होता: विचारलेल्याला एका शब्दात उत्तर, जेवण पानावरच अर्धं, आणि न्हाणीघरात बराच वेळ वाहणारा नळ. दुपारी ते ढबूला खालच्या दालनापर्यंत आणत, तिच्या हाती देत आणि लांबच्या खुर्चीत जाऊन बसत. येतील ताळ्यावर, असं तिने मनाशी म्हटलं. तिच्याकडे टॉवर होता, रात्रीची जाग्रणं होती आणि ढबूला दात येत होते.

तिला जागं केलं ते पुन्हा ढबूनेच. एका सकाळी ढबूने रांगत जाऊन आजोबांच्या गुडघ्याला धरलं, उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. हे हात वर झाले की आजवर ते असतील तिथून उठले होते. आज त्यांनी नुसती मान दुसरीकडे फिरवली. ढबू वाट बघत राहिली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत घरात सिगारेटचा वास आलेला नाही. रुसलेला माणूस सिगारेट सोडत नाही, उलट एक जास्त ओढतो.

तिने जाऊन त्यांच्या मानेला हात लावला. तव्यासारखी तापलेली.

"कधीपासून?"

"काही नाही गं. जरा कसकस आहे."

"नळ सोडून खोकत होतात. मला वाटलं अंघोळ लांबलीय."

त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि आता लपवण्यात काही राहिलं नव्हतं म्हणून त्यांनी ती येऊ दिली. श्वास परत आल्यावर म्हणाले, "तू इमारतभर सांगत फिरलीस, ताप आला तर टॉवरचं नाव सांगा म्हणून. मी काय सांगू? आत्ता आत्ता तर तू परत कामावर गेलीस. म्हणतील, हिचा बाप हिच्याच टॉवरने आजारी पाडला. तुझं नाव खराब होईल."

"म्हणून ताप अंगावर काढलात?"

"चूक माझी होती ना. मग तापही माझाच."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. लहानपणी ते तिच्या बुटांच्या नाड्या बांधायला बसत तशी. त्यांच्या पायात चपला सरकवत म्हणाली, "माझं नाव गेलं चुलीत. उठा."

"आणि ही? मी हिला जवळ नाही घेतलं गं. म्हटलं, लागायला नको."

"हा एकापासून दुसऱ्याला होत नाही, बाबा. ते विचारलं असतंत तरी सांगितलं असतं." तिने ढबूला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, रिक्षा येईपर्यंत.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि बाहेर रांग मोठी होती. छाती तपासून त्या लिहायला लागल्या. "हवा बदललीय, सगळीकडे हेच चाललंय. गोळ्या देते."

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "एका इमारतीच्या कूलिंग टॉवरची जबाबदारी माझ्यावर आहे. त्याची निगा बिघडली होती, आणि हे सबंध उन्हाळा त्याच्या तुषारांत बसत होते. सिगारेट ओढतात. मला लेजिओनेलाची दाट शंका आहे."

पेन थांबलं. "टॉवरचा रिपोर्ट?"

"अजून आलेला नाही. पण तो यायची वाट बघू नये असं मला वाटतं. लघवीची तपासणी होते ना यासाठी?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. "होते. छातीचा फोटोही काढू, आणि यांना ठेवून घेऊ. याला नेहमीचं औषध लागू पडत नाही, वेगळं द्यावं लागतं, ते आत्ताच सुरू करते." मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "बरं केलंत बोललात. लोक येतात, ताप सांगतात, खोकला सांगतात. कुठे बसले होते ते कुणी सांगत नाही. मग आम्ही अंधारात चाचपडतो, आणि त्यात वेळ जातो."

"तिच्या टॉवरचं नाव लिहू नका," उस्ताद खाटेवरून पुटपुटले.

"लिहा," ती म्हणाली. "स्पष्ट अक्षरात लिहा."

तपासणीत तेच निघालं. टॉवरच्या नमुन्यातही पुढे तेच निघालं. पहिले दोन दिवस ताप हटेना. संध्याकाळी त्यांना भ्रम झाल्यासारखं झालं. तिचा हात धरून ते म्हणाले, "पंखा हळू कर रे, पोर झोपलीय बाकावर." तिने विचारलं नाही कुठली पोर. सुट्टीच्या दुपारी त्या गच्चीवर दप्तर उशाला घेऊन कोण झोपायचं, ते तिला माहीत होतं. "केला हळू," ती म्हणाली, आणि ते झोपले. ती उशाशी बसून राहिली. भीती वाटली नाही असं नाही. पण औषध योग्य होतं आणि वेळेत सुरू झालं होतं. हे ती मोटरचा आवाज ऐकल्यासारखं ऐकत होती, त्यांच्या श्वासात. कुरकुर होती. अडकणं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी त्यांनी चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून नर्सशी भांडले. तेव्हा तिला कळलं, सुटले.

मधल्या काळात आरोग्य खात्याचे तपासनीस इमारतीत येऊन गेले. त्यांनी विचारलं, जाळ्या कुणी काढल्या. मॅनेजरबाई काहीतरी गोलमाल बोलणार होत्या, पण ती आधी म्हणाली, "माझ्या वडिलांनी. औषध कमी केलं आमच्या माणसाने. आणि रजेवरून आल्यावर मी स्वतः काही दिवस त्याच तुषारांत बसले, मला कळायला उशीर झाला. आता यापुढे काय होणार ते दाखवते, चला." तिने त्यांना नव्या जाळ्या दाखवल्या, औषधाचा पंप दाखवला. त्याच्या कळीला आता कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात. होजी रोज सकाळी पाण्याची तपासणी कसा करतो तेही दाखवलं. होजीने त्या दिवशी पहिल्यांदा तपासनीसांना 'नाही जी' म्हटलं. त्यांनी मास्कशिवाय दार उघडायला सांगितलं होतं. बाकावर बसणाऱ्यांपैकी हिशेबखात्यातल्या बाईंना तेवढा ताप येऊन गेला. तपासणीत साधा निघाला, आणि त्याचंच त्यांना जरा वाईट वाटलं असं होजीचं म्हणणं.

घरी येऊन चालता-फिरता झाल्यावर उस्तादांनी पहिली मागणी केली ती गच्चीची.

"टॉवर बघायचाय."

"लांबून."

"लांबून तर लांबून."

दुपारी ती, ते आणि ढबू वर गेले. दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीचा निकाल स्वच्छ आला होता, टॉवर सुरू होता. बाक तिने गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वारा टॉवरकडे वाहतो अशा जागी हलवला होता. उस्ताद तिथे बसले नाहीत. उभे राहून ऐकत राहिले. पंख्याची घरघर, पाण्याची झिरझिर. मग त्यांची नजर जुन्या जागेकडे गेली.

पुदिना वाळला होता. तळहाताएवढी पानं चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती, काड्या पलीकडच्या डब्यांतल्यासारख्या. ते हळूहळू दोन पावलं पुढे गेले. तिने अडवलं नाही. त्यांनी पावसाचा अंदाज घ्यायला माणूस धरतो तसा तळहात पुढे धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तो बघितला, उलटा केला, सदऱ्याला पुसून पाहिला.

"कोरडा," ते म्हणाले.

"कोरडा," ती म्हणाली.

"एक थेंब नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. ती मान ती लहानपणापासून ओळखत होती. एखादं यंत्र उघडून, दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम बघून ते अशी मान हलवायचे, आणि ती क्वचितच हलायची. "जाळ्या चांगल्या बसवल्यास," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "पुदिना मात्र मारलास तू."

"मुळं जिवंत आहेत. पाणी घाला, येईल."

"म्हणजे आता रोज मी पाणी घालायचं."

"ज्याने लावला त्याने."

त्यांनी डबे एकेक करून नव्या बाकाजवळ आणवले, होजीकडून, अर्थातच. कोपऱ्यातली झारी उचलली आणि नळाखाली धरणार तोच थांबले. आधी नळ सोडून त्यात साचलेलं कोमट पाणी वाहू दिलं, तिने काही म्हणायच्या आत. झारी भरली. मग झारीच्या तोंडावरची चाळणी फिरवून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली, जिथे आता दुसरं काही नसे.

"तुषार नकोत ना तुला," ते म्हणाले.

वाकून, अगदी मुळाशी धार धरून, त्यांनी पहिल्या डब्यात पाणी घातलं. पाणी मातीत सावकाश मुरलं. बाबागाडीतून ढबूने दोन्ही हात वर केले. उस्तादांनी झारी खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसले आणि तिला उचललं.